राजीखुशीने व अक्कलहुशारीने

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं माझ्या चहाच्या कपाशेजारी चार पानं ठेवली. प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून आणली होती, फराळाच्या हातांचं तेल लागू नये म्हणून. "सही लागंल. घाई न्हाई, पण तू उद्या जाणार म्हणून म्हटलं."

मी असले कागद रोज बघते. पहिल्या दोन ओळींत कळतं काय आहे ते. लिहून घेणार: दादा. लिहून देणार: 1) आई, 2) मी. हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला आमचा हिस्सा दादाला सोडून द्यायचा कागद.

आदल्या दिवशी ओवाळणीत त्यानं मला साडी दिली होती. चांगली होती, मोरपंखी. हे टोमण्यानं सांगत नाही. ती साडी त्यानं मनापासून घेतली होती आणि ही चार पानंही त्याच मनानं आणली होती. दोन्हींत त्याला काही विसंगती दिसत नव्हती, आणि खरं सांगायचं तर पहिली दोन मिनिटं मलाही दिसली नाही. मी पेन शोधायला लागले होते.

मी तलाठी आहे. पदाचं नाव कागदावर आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गाव तलाठीच म्हणतं. आमचं घर साताऱ्यातल्या माण तालुक्यात, नोकरी शेजारच्या सांगली जिल्ह्यात. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एक आजोबा दारात आले आणि मला विचारलं, "भाऊसाहेब कधी येत्याल?" आमच्याकडं तलाठ्याला भाऊसाहेबच म्हणतात. मी म्हटलं, "मीच आहे, बोला." त्यांनी माझ्यामागं खोलीत बघितलं, कपाटाकडं बघितलं आणि म्हणाले, "असू द्या, भाऊसाहेब आल्यावर येतो." ते खरंच गेले. दोन दिवसांनी परत आले, पुन्हा मीच होते. मग नाइलाजानं बसले.

त्या खुर्चीत बसून मी महिन्याभरात बोलायला शिकले. घरी मात्र बोलता येत नव्हतं. ही गोष्ट त्या दोन जागांमधल्या अंतराची आहे. एसटीनं ते अडीच तासांचं आहे, लेडीज हाफ तिकिटात होतं.

लहानपणी माझा आवाज घरात एकाच कामाला चालायचा: वाचायला. अप्पांची, म्हणजे वडिलांची, शाळा चौथीत सुटली होती, अक्षरं लागायची पण जोडायला वेळ लागायचा. त्यामुळं पीककर्जाच्या सोसायटीची नोटीस आली, लाइटबिल आलं, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असली की हाक यायची, "वाच गं." मी चुलीपुढं नाहीतर ओट्यावर उभी राहून खणखणीत वाचायची. शेजारचे लोकही त्यांचे कागद घेऊन यायचे. पण वाचून झाल्यावर मी आपलं काही म्हणायला गेले, समजा "अप्पा, ह्यात व्याज दोनदा लावलंय", की आजी म्हणायची, "हळू बोल. पोरीच्या जातीला एवढा आवाज कशाला." दुसऱ्याचे शब्द वाचताना माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, स्वतःचे बोलताना घशातच बसायचा. ही सवय इतकी मुरली की कॉलेजात तोंडी परीक्षेतही मी उत्तरं पुस्तकातली जशीच्या तशी म्हणायची.

बी.ए. झाल्यावर घरात ठराव झाला: दोन वर्षं. दोन वर्षांत लागली तर लागली, नाहीतर स्थळं बघायची. आमच्या भागात हा ठराव निम्म्या घरांत झालेला असतो. मुलाला असाच "अजून एक अटेम्प्ट" मिळत राहतो, मुलीच्या वेळेला मात्र घड्याळ लावलेलं असतं. 2019च्या तलाठी भरतीत मी थोडक्यात राहिले. पुढं कोरोना आला, त्यामुळं ठरावाची मुदत आपोआप वाढली (कोरोनाचे आभार मानणारी मी एकटीच नसेन). 2023मध्ये 4,644 जागांची जाहिरात निघाली. खुल्या वर्गाला परीक्षा शुल्क 1,000 रुपये. शंभर प्रश्न, दोनशे गुण आणि दहा लाखांवर अर्ज. अप्पांनी त्या शुल्कासाठी आणि दहिवडीतल्या अभ्यासिकेच्या सहा महिन्यांसाठी एक बोकड विकला. तात्या, म्हणजे माझे चुलते, म्हणाले, "पोरीवर बोकड घालवला." अप्पा काही बोलले नाहीत. माझं बोलणं गिळणं कुणाकडून आलंय हे तेव्हा कळलं.

निकाल लागला तेव्हा अप्पा होते. यादीतलं नाव त्यांनी स्वतः जोडून जोडून वाचलं. मला वाचू दिलं नाही. मी रुजू झाले तेव्हा ते नव्हते. ह्यावर जास्त लिहीत नाही.

आता आमच्या कार्यालयातले काका. तलाठ्याच्या हाताखालचे मदतनीस, माझ्या वडिलांच्या वयाचे, तीस वर्षं त्याच सज्जात, म्हणजे तलाठ्याच्या त्याच हद्दीत. माझ्या पहिल्या महिन्यात मला कुणीही काही विचारलं की मी लगेच उत्तर द्यायची. उत्तर येत नसलं तरी. गप्प राहिलं तर लोक म्हणतील पोरीला काही कळत नाही, ही भीती. त्यापायी एकदा एका वाटणीच्या प्रकरणात चुकीचं सांगून बसले आणि दोन भाऊ माझ्याच टेबलापुढं एकमेकांच्या अंगावर गेले. ते गेल्यावर काकांनी चहा आणला आणि म्हणाले, "मॅडम, एक सांगू? तुमच्या आधीचे भाऊसाहेब बारा वर्षं एकच वाक्य बोलायचे. कागद बघून सांगतो. बाप जरी समोर आला तरी कागद बघून सांगतो."

मी ते वाक्य उचललं. कागद बघून सांगते. गंमत अशी की लगेच उत्तर देत होते तेव्हा लोक माझ्यावर ओरडत होते आणि थांबायला लागल्यावर ऐकायला लागले. सरपंच फोनवर घाई करायचे, मुरुमाचे ट्रॅक्टरवाले दम द्यायचे. माझं वाक्य तेच. आतून हात थरथरायचे, तो भाग वेगळा. टेबलाच्या खाली कुणाला दिसत नाही.

भाऊबीजेच्या महिनाभर आधी एक म्हातारी आली होती. सत्तरीच्या पुढची, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. बरोबर दोन भाचे. तिनं भावांच्या लाभात हक्कसोड केलेलं, दस्त दुय्यम निबंधकाकडं नोंदवून झालेला. माझ्याकडं फक्त फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलायची, नोटीस घ्यायची, तिच्यावर अंगठा. त्यानंतर पंधरा दिवस हरकतीची मुदत, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मी अशा नोटिसा तोवर पंधरा-वीस तरी दिल्या होत्या. शाईचा पॅड पुढं सरकवायचा आणि म्हणायचं, "इथं." त्या दिवशी का कोण जाणे, कदाचित तिच्या कानातल्या बुगड्या माझ्या आजीसारख्या होत्या म्हणून, मी विचारलं, "आज्जी, वाचून दाखवू का?"

भाचे म्हणाले, "तिला माहितीये सगळं."

म्हातारी म्हणाली, "वाच बाई. आजवर कुणी वाचलं न्हाई."

मी वाचलं. गट नंबर, क्षेत्र, आकार, कुणी सोडलं, कुणासाठी सोडलं. ती प्रत्येक गटाला मान हलवत होती. "त्यो चिंचंचा. त्यो हिरीचा." तिला सगळे गट तोंडपाठ होते, नंबरानं नव्हे, झाडांनी. वाचून झाल्यावर मी सांगितलं की तुम्हाला हरकत घ्यायची असेल तर अजून घेता येते. ती माझ्याकडं बघून हसली. दात नव्हते. "भाऊ दिवाळीला येतो, पोरी. जमीन येत न्हाई." आणि अंगठा उठवला.

ते वाक्य मी आजही खोडू शकलेली नाही. कुणी हक्कसोड करणाऱ्या बायकांना अडाणी म्हणालं की मला ती म्हातारी आठवते. तिनं हिशेब केला होता. माहेरची वाट उघडी राहायची किंमत तिला माहीत होती आणि ती तिनं मोजली. राग मला त्या हिशेबाचा येत नाही. त्या वाटेवर टोलनाका बसवला कुणी, ह्याचा येतो.

तर, ती चार पानं.

पेन शोधत मी उठले. फडताळातलं पेन चालेना, म्हणून पर्समधलं काढलं. ते ऑफिसचं पेन, त्याच्या टोपणाला शिक्क्याची जांभळी शाई लागलेली. एवढ्याश्या गोष्टीनं मी थांबले. म्हणजे कुठलं धाडस वगैरे नाही, पेन बघितलं आणि तोंडातून ऑफिसचं वाक्य निघालं. "दादा, बघून सांगते."

"बघायचं काय त्यात?"

"वाचते तर खरं."

आवाज चिरकला. ऑफिसात कधी चिरकत नाही. तेवढ्यात तात्या आले, फराळाला. आई लाडवांचा डबा घेऊन बाहेर आली. सगळे बसले होते, म्हणून मी ते मोठ्यानं वाचायला लागले. जसं लहानपणी सोसायटीची नोटीस वाचायची तसं, उभं राहून. घरात मला येणारी गोष्ट तीच एक होती.

पहिलं पान ओलांडलं. दुसऱ्यावर गटाचं वर्णन: 1 हेक्टर 82 आर, म्हणजे साडेचार एकर, चतुःसीमेसह. तिसऱ्या पानावर मजकूर: "सदर मिळकतीतील आमचा हक्क, हिस्सा व हितसंबंध आम्ही विनामोबदला कायमचा सोडून दिलेला आहे." आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, जे प्रत्येक दस्तात असतं आणि जे मी शंभर वेळा डोळ्यांखालून घातलंय: "हे हक्कसोडपत्र आम्ही राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून दिले असे."

आई डबा धरून उभी होती. म्हणाली, "आम्ही म्हंजी कोण?"

"तू आणि मी."

"मी कधी दिलं?"

कुणी काही बोललं नाही. आईनं ते भांडायला विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं की तिचंही नाव त्यात आहे. तिला वाटत होतं, पोरीचा कागद आहे. पोरीनं करावाच, तिनं स्वतः तिच्या भावांसाठी केला होता. पण ह्या घरच्या रानात अठ्ठावीस वर्षं खुरपं घेऊन वाकलेली ती, आणि अप्पांच्या माघारी कागदावर एकदाच नाव येणार होतं, तेही सोडून देणारी म्हणून.

तात्या म्हणाले, "दोन महिने झाले न्हाईत खुर्चीत बसून, लागली कायदा शिकवाया." चार महिने झाले होते. हे मी बोलले नाही.

कायदा मला मांडायचाही नव्हता. तो मला माहीत होता. महाराष्ट्रानं 1994मध्येच तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, देशभर तो 9 सप्टेंबर 2005पासून आला, आणि ऑगस्ट 2020मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की 2005 साली वडील हयात होते की नव्हते, ह्यानं मुलीचा हक्क ठरत नाही. हे सगळं मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि एक प्रश्न बरोबर आला म्हणून खूशही झाले होते. पण स्वयंपाकघरातून येणाऱ्या तळणीच्या वासात, भावाच्या तोंडाकडं बघत, कलमं सांगता येत नाहीत. तिथं जे सुचतं ते लहान असतं. मी एवढंच म्हटलं, "आज सही करत नाही. आईची पण घेऊ नका." आणि गोठ्यात जाऊन रडले. म्हैस बघत होती.

दादाची बाजू लिहिल्याशिवाय पुढं गेले तर ते खोटं होईल. रान तो कसतो. बोअर त्यानं मारलं, पाणी दुसऱ्या खेपेला लागलं, दोन्हींचं कर्ज त्याच्या डोक्यावर. मी शिकत होते तेव्हा तो रानात पाण्याची दारं धरत होता, रात्रीच्या लाइटला. खात्यावर तिघांची नावं लागली की पीककर्जाला तिघांच्या सह्या, तिघांच्या संमत्या. मी नोकरीवर, उद्या लग्न होऊन कुठं असेन कुणास ठाऊक. त्याची भीती खरी होती. "उद्या तुझ्या सासरच्यांनी मोजणी आणली तर?" हे त्यानं मला डिसेंबरात फोनवर विचारलं. भाऊबीजेनंतरचं पहिलं वाक्य. त्याआधी पाच आठवडे तो बोललाच नव्हता.

मला उत्तर येत नव्हतं. मी म्हटलं, "विचार करून सांगते." खरोखर विचार केला. आमच्या गावच्या सातबाऱ्याचे जुने फेरफार काढून बसले. 2001 साली आजोबा गेल्यावर दोन्ही आत्त्यांची नावं लागली होती, सहा महिन्यांत दोघींनी हक्कसोड केलं, नावं कमी झाली. थोरल्या आत्त्याच्या नवऱ्यानं पुढं तिला टाकलं. ती आमच्याकडं आली तेव्हा मी सहावीत होते. आठ महिने राहिली आणि त्या आठ महिन्यांत तिनं एकदाही ताटात दुसरी भाकरी मागितली नाही. मला तेव्हा वाटायचं तिला भूक कमी आहे.

ह्या मधल्या काळात स्थळंही येत होती. नोकरीवाली मुलगी म्हणून जरा वरची. पोह्यांच्या बशा, आणि प्रश्न: बदली होते का, पगार बँकेत कुठल्या जमा होतो, साहेब लोकांत बसावं लागतं का. एका ठिकाणी मुलाच्या वडिलांनी हळूच विचारलं, "वाटण्या झाल्यात का तुमच्यात?" म्हणजे दादाची भीती अगदीच हवेतली नव्हती. त्यांना विचारायला हवं होतं, तुमच्या लेकीचं नाव तुमच्या सातबाऱ्यावर आहे का. विचारलं नाही. एसटीत बसल्यावर सुचलं. माझी बरीच चांगली वाक्यं अजून एसटीतच सुचतात.

आईला फोनवर मी दर रविवारी एकच गोष्ट करायला लागले. कागद वाचून दाखवायचे. आधी अप्पांचा मृत्यूचा दाखला, मग वारस नोंदीचा अर्ज, मग आठ-अ, म्हणजे खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा. ती म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं." मग दोन मिनिटांनी, "त्या आकारणीत विहिरीचं धरलंय का गं?" आईला सगळं कळत होतं. तिला विचारायची सवय कुणी लावली नव्हती.

मार्चमध्ये सोसायटीचं नवं-जुनं करायची, म्हणजे जुनं पीककर्ज भरून नवं उचलायची वेळ आली. शिवाय शेतकरी ओळख क्रमांकाची घाई सुरू झालेली, तो नसला तर योजना अडणार. खातं अप्पांच्याच नावावर अडकलेलं. दादानं फोन केला. "काय ते एकदा सांग बाई."

मी सांगितलं. वहीत लिहून ठेवलं होतं, ते बघून सांगितलं, न अडखळता. तिघांची वारस नोंद करू. हक्कसोड मी करत नाही आणि आई करायची का नाही ते आई सांगेल. रान तूच कस, पीक तुझं, आईला वर्षाचं धान्य आणि खर्चापुरतं. पीककर्जाला माझी संमती दरवर्षी, मागशील तेव्हा, वेळेवर. बोअरच्या कर्जातले दर महिन्याला चार हजार मी भरते. मोजणी, वाटप, विक्री असलं काही तिघांनी बसल्याशिवाय नाही, आणि हे मी लेखी देते.

तो बराच वेळ गप्प होता. मागं मोटारीचा आवाज येत होता. मग म्हणाला, "चार हजारांचं काय गरज न्हाई."

"आहे."

"तीन भर."

आमच्या घरात समेट असाच होतो.

वारस नोंद मे महिन्यात मंजूर झाली. आमच्या गावचे तलाठी वेगळे, त्यांना मी एकदाही फोन केला नाही, काम रांगेनंच झालं. डिजिटल सही असलेला सातबारा 15 रुपयांत मिळतो, तो काढून आईला पाठवला. तिनं तो देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलाय, उदबत्तीच्या पुड्याखाली. तात्या अजून माझ्याशी तुटक बोलतात. धाकटी आत्त्या बेंदराला आली होती तेव्हा मला म्हणाली, "बरं केलंस," आणि लगेच इकडंतिकडं बघितलं.

ऑगस्टात सुट्टीला गेले होते. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, सुरू झालेली. दादा मोबाइल घेऊन रानात निघाला, मला म्हणाला, "चल, ते ॲप मला दरवेळी अडकवतं." बाजरी पोटऱ्यात आली होती. आई पलीकडं कांद्याच्या वाफ्यात खुरपत होती. रेंज फक्त बांधाच्या टोकाला लिंबाखाली येते, तिथं उभे राहिलो. गाव निवडलं, गट टाकला. खातेदार निवडा म्हणून यादी उघडली. गेल्या वर्षापर्यंत तिथं एकच नाव यायचं. आता तीन.

दादानं अंगठा स्क्रीनवर तसाच धरला. "कुणाचं निवडू?"

मी काही बोलायच्या आत वाफ्यातनं आवाज आला. आई उठली नव्हती, मानही वर केली नव्हती.

"माझं टाक की."

दादानं टाकलं. मग फोटो काढायला आम्ही बाजरीत शिरलो.